पुण्याहून नागपूरला: घर धरमपेठेकडे घ्यावं की बेसा-मनीषनगरकडे?

नागपूर विमानतळालगतच्या मिहान या उद्योगक्षेत्रातली नोकरी पक्की झाली, सामान बांधायला घेतलं, की प्रश्न उरतो घराचा. पुण्याहून येणारी बहुतेक कुटुंबं ऑफिसजवळच घर बघतात. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काही सुचतही नाही. मग वर्धा रोड, मनीषनगर, बेसा इकडचे फ्लॅट बघणं सुरू होतं. दुसरा पर्याय पश्चिम नागपुरातल्या जुन्या वस्त्यांचा: धरमपेठ, शंकरनगर, बजाजनगर, लक्ष्मीनगर. मी दोन्हीकडे राहिले आहे आणि माझं मत स्पष्ट आहे: पहिलं वर्ष जुन्या वस्तीत भाड्याने काढा. काहींच्या बाबतीत हे मत लागू पडणार नाही, तेही पुढे सांगते.

अंतराची भीती आधी मनातून काढा. शंकरनगरहून मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइनने सीताबर्डी, तिथे गाडी बदलून ऑरेंज लाइनने थेट मिहानजवळचं खापरी. खापरी स्टेशनपासून पुढे कंपनीची बस आहे का, एवढं मात्र आधी विचारून ठेवा. दुचाकीने जाणार असाल तर वर्धा रोडवरच्या डबल डेकर पुलामुळे अजनीपासून विमानतळापर्यंतचे चौक टळतात. बेसाहून वेळ कमी लागतो हे खरंच आहे. पण जो वाचतो, तो पुण्याच्या हिशेबात किरकोळ.

खरी परीक्षा उन्हाळ्याची. नागपूर पुण्याच्या पूर्वेला पाच अंशांहून जास्त आहे, त्यामुळे सूर्य इथे वीसएक मिनिटं आधी उगवतो. मे महिन्यात सकाळी आठलाच ऊन चटके देऊ लागतं. पारा ४५च्या आसपास जातो, नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापते नऊ दिवस, लागला की दुपारी रस्ते ओस पडतात. भाजी, बँक, आईबाबांचा डॉक्टर, जे काय असेल ते सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर. पुण्यातला दुपारी बारा वाजता सहज बाहेर पडण्याचा शिरस्ता इथे एप्रिल ते जून चालत नाही.

या दिवसांत जुनं घर आणि नवा फ्लॅट यांत फरक पडतो तो कूलरमुळे. पंपाने चढवलेलं पाणी वाळ्याच्या ताट्यांवरून झिरपत राहतं, बाहेरची कोरडी गरम हवा त्या ओल्या ताट्यांतून आत ओढली जाते आणि पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता निघून जाते. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की संध्याकाळी ताजी ताटी भिजली की खोलीभर वाळ्याचा वास आणि गारवा पसरतो. पण कूलरला तीन गोष्टी लागतात: बाहेर उघडणारी मोठी खिडकी, तिच्याजवळ पाण्याचा नळ आणि हवा बाहेर जायला समोर दुसरी उघडी खिडकी. धरमपेठ-लक्ष्मीनगरातल्या एक-दोन मजली घरांत हे सगळं असतं, बरेचदा खिडकीबाहेर कूलरचा लोखंडी स्टँडही तयार मिळतो. नव्या फ्लॅटमध्ये कूलर बाल्कनीत कसाबसा बसतो, नाहीतर दिवसरात्र एसी आणि त्याचं बिल. जूनमध्ये पाऊस आला की हवा दमट होते आणि कूलरने उलट चिकचिक वाढते. तेव्हा एसीवाल्याची चैन असते, हे मान्य केलं पाहिजे.

एक गोष्ट कळकळीने सांगते: कूलरच्या पत्र्यात करंट उतरून दर उन्हाळ्यात विदर्भात माणसं दगावतात. अर्थिंग तपासून घ्या, पाणी भरताना प्लग काढा, मुलांना हात लावू देऊ नका.

घर कुठेही घ्या, अगदी वरचा मजला नको. स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं, म्हणून अंघोळीची बादली सकाळीच भरून ठेवायची.

जुन्या वस्तीची दुसरी बाजू पाण्याचीच. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट या भागांत घराघरांत पाणी शिरलं. त्यामुळे पश्चिमेकडे तळमजल्याचं घर बघताना शेजाऱ्यांना स्पष्ट विचारा, त्या दिवशी पाणी कुठवर आलं होतं. भिंतीवर हात ठेवून दाखवतील. बेसाकडे विचारायचा प्रश्न वेगळा: बेसा-पिपळ्याची नगरपंचायत स्वतंत्र आहे, तेव्हा नळाचं पाणी किती येतं आणि उन्हाळ्यात टँकर लागतो का, हे करार करण्याआधी कळलं पाहिजे.

आता माणसांचं. जुन्या वस्तीत घरमालक खाली आणि भाडेकरू वर, ही रीत अजून टिकून आहे. घरमालक काकू तुमच्या घरी कोण येतं-जातं याची चौकशी करतील, पुण्याहून आलेल्याला पहिले काही दिवस ते अंगावर येतं. पण त्याच काकू ताटी कुठून आणायची ते सांगतात, मुलाला ताप आला तर गाडी काढतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, गल्लीतली पोरं सजवलेले लाकडी बैल घेऊन दारात येतात, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. तुमच्या मुलाच्या हातात एक लाकडी बैल द्या आणि पाठवा त्यांच्याबरोबर. गल्लीला त्याचं नाव त्या दिवशी कळेल. बाजारात हिंदी ऐकू आली तर बिचकू नका, १९५६पर्यंत हे शहर आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मराठीत बोललात तर समोरचाही मराठीतच उत्तर देतो.

बेसा-मनीषनगरच्या संकुलांत शेजारीही बरेचदा बाहेरून आलेले, कुणी यवतमाळचं, कुणी रायपूरचं. ओळखी पटकन होतात आणि मुलांना खाली खेळायला सवंगडी मिळतात. दोघंही नोकरीला, मूल लहान, आजी-आजोबा सोबत नाहीत, असं असेल तर मी इथलाच फ्लॅट सुचवेन. फाटक, सुरक्षारक्षक, लिफ्ट यांचा आधार मोठा असतो. आईवडील बरोबर येत असतील तर मात्र जुनी वस्तीच. त्यांना चालत जाता येईल असं देऊळ, किराणा आणि बोलायला ओटा हवा. फ्लॅटच्या सातव्या मजल्यावर बसून पुण्याची आठवण काढत राहणारी ज्येष्ठ माणसं मी पाहिली आहेत, त्यांचे हाल मुलांना उशिरा कळतात.

खाण्याची काळजी दोन्हीकडे नको. तर्री पोह्यांची गाडी सकाळी सगळीकडे लागते. सावजी रस्सा मात्र पहिल्यांदा बेताने घ्या.

जमल्यास नोव्हेंबरात या, हिवाळ्यात घर बघणंही सोपं आणि शहर आवडणंही. शाळेमुळे उन्हाळ्याच्या सुट्टीतच यावं लागणार असेल, तर विदर्भातल्या राज्य मंडळाच्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. तेव्हा ट्रक मेमध्ये न आणता पाऊस सुरू झाल्यावर आणा. घराचा करार मात्र मार्चमध्येच करून ठेवा, खिडकीबाहेरचा तो स्टँड बघून.