उट्रेख्तमध्ये तीन महिने: निळ्या टायरची भाड्याची सायकल

लेकीच्या बाळंतपणाला नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला गेले आणि शेंगेन व्हिसाचे 90 दिवस पुरेपूर राहून आले. बाळाची अंघोळ, शेक-शेगडी आटोपली की अकरा ते एक मायलेकरं झोपायची. ते दोन तास माझे. त्या दोन तासांत मी ते गाव सायकलवरून पाहिलं. आपल्यातल्या कितीतरी आया अशा कामासाठी परदेशी जातात आणि घरात बसून परत येतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पहिला आठवडा जावयांची जुनी सायकल वापरली. तिला हातब्रेक नव्हता, पॅडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो. आपण सिग्नल जवळ आला की पॅडल पायाने मागे फिरवून वर घेतो, निघताना त्यावर भार देता यावा म्हणून. शाळेपासूनची सवय ती! मी पॅडल मागे घेतलं आणि सायकल जागच्या जागी थांबली. मागून एक बाई दोन मुलांना पुढच्या पेटीत बसवून येत होती, तिने हँडल वळवलं म्हणून निभावलं. त्या दिवशी हात थरथरत होते माझे.

मग जावयांनी त्यांच्या बँक खात्यावर स्वॅपफीट्सची सायकल घेतली. ही 2014 मध्ये डेल्फ्टला सुरू झालेली कंपनी. दर महिन्याला भाडं भरायचं, दुरुस्ती त्यांच्याकडे, आणि जी चटकन दुरुस्त होत नाही ती बदलून देतात. पुढचं टायर निळं असतं. साध्या मॉडेलला एकच गिअर आणि तोच उलट्या पॅडलचा ब्रेक. मी हट्टाने सात गिअर आणि हातब्रेकवाली घेतली, तुम्हीही तीच घ्या. सपाट देशात गिअर कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण समोरून वारा सुटला की चढ चढल्यासारखी मांडी भरून येते. डच सायकली उंच असतात, माझी उंची पाच फूट. दुकानातल्या मुलाने मला बसवून, दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकेपर्यंत तीनदा सीट खाली घेतली. घाई नाही की कंटाळा नाही.

दोन कुलुपं मिळतात, दोन्ही लावायची. चोरीला गेली आणि किल्ली दाखवता आली तर ठरावीक रक्कम भरून सुटका होते.

पहिल्यांदा गेले ती लोम्बोक भागातल्या कनालस्ट्राटला. तुर्की-मोरोक्कन दुकानांतून कोथिंबीर आणि पुदिन्याच्या घसघशीत जुड्या मिळतात, पिशवी हँडलला न अडकवता मागे कॅरिअरला बांधा. मग धीर आला तशी डाफ्ने स्खिपर्स पुलावर गेले. 2017 चा हा पूल. त्याची वाट शाळेच्या छपरावरून वळसा घेत वर चढते! खाली मधल्या सुट्टीतला पोरांचा गलका, वर आपण सायकलवर, आणि पुढे अ‍ॅम्स्टरडॅम-ऱ्हाईन कालव्यातून संथ जाणारी मालवाहू जहाजं. मी तिथे चारदा तरी थांबले असेन. क्रोमे ऱ्हाईन नदीच्या काठाने ऱ्हाइनाउवेनपर्यंतची वाट त्याहून शांत, झाडांखालची.

रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतात, तिथले लोक त्यांना शार्कचे दात म्हणतात. टोक आपल्याकडे असेल तर आपण थांबायचं. एवढं एक पाठ करून ठेवलं तर निम्मी भीती जाते.

स्टेशनखालच्या सायकल पार्किंगमध्ये साडेबारा हजार सायकली मावतात, पहिले 24 तास फुकट. सायकलवर बसूनच आत उतरायचं. मात्र निळी टायरं तिथे रांगेने दिसतात, म्हणून मी सीटखाली इरकल लुगड्याच्या काठाची पट्टी बांधली होती.

मी गेले तेव्हा भाडं महिन्याला साधारण वीस युरो होतं. आठवड्यासाठी जाणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये, तीन महिन्यांसाठी मात्र पैसा वसूल.

निघताना सायकल परत केली नाही. आता माझ्या विहीणबाई जाताहेत, त्या माझ्याहून बुटक्या. सीट अजून दोन बोटं खाली घ्या, असं जावयांना सांगून आलेय. पट्टी तशीच ठेवलीय.