बाहेरून सेकंडहँड ॲम्प: जपान, युरोप का अमेरिका?

परदेशातून जुना ॲम्प, म्हणजे गाणी ऐकायचा ॲम्प्लिफायर, मागवायचा तर पहिलं सांगणं एवढंच की जपानी लिलावातले फोटो आधी बघू नका. ॲक्युफेज या जपानी कंपनीच्या ॲम्पचा तो शॅम्पेन सोनेरी चेहरा, एक ओरखडा नाही, वीस वर्षं जपून ठेवलेला मूळ खोका, मॅन्युअल, आणि किंमत येनमध्ये, मग डोकं चालायचं बंदच होतं, माझं झालं होतं. किंमत सगळ्यात शेवटी, आधी व्होल्टेज आणि वजन बघायचं.

जपानमध्ये घरात १०० व्होल्ट. तिथल्या मार्केटसाठी बनलेला ॲम्प बहुतेक वेळा फक्त १०० वरच चालतो, मागे सिलेक्टर नसतो, म्हणजे आपले २३० उतरवून १०० करणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर आलाच. आणि आपल्याकडे दुकानात तयार मिळतो तो ११० चा, त्यावर १०० चा ॲम्प लावला की रोज दहा टक्के जास्त व्होल्टेज खातो आणि तापतो. मी शेवटी पुण्यातल्या तपकीर गल्लीत फिरून १०० चं वाइंडिंग करून घेतलं, एक केव्हीए क्षमतेचं, उचलताना कंबर आठवते, आणि रात्री आमच्याकडे लाइन २४५ ला गेली की हा पण १०६ देतोच. घरच्यांचा प्रश्न, हा दुसरा डबा गुणगुणतो कशाला? खरंच गुणगुणतो.

शिवाय तिथले बरेच विक्रेते परदेशात पाठवत नाहीत, मधे प्रॉक्सी लागतो. तो तुमच्या वतीने बोली लावतो, माल त्याच्या गोदामात येतो, तिथून तुमच्याकडे, म्हणजे कमिशन एक आणि भाडं दोनदा. प्रॉक्सी खोक्याचं वजन करतो, ॲम्प चालवून बघत नाही. वर्णनात 'जंक' असेल तर परत करायचं विसरा. आता गंमत अशी की तिकडे चालू मशीनला पण बिनधास्त 'जंक' लिहितात, त्यामुळे कधीकधी लॉटरी लागते, पण ती लॉटरीच. 'दोसा मिकाकुनिन' म्हणजे चालवून बघितलेलं नाही, मी ते 'बघितलंय, सांगत नाही' असं वाचतो.

जपानी एफएम ट्यूनर तर घेऊच नका, जुने ७६ ते ९० मेगाहर्ट्झवाले असतात, आपली स्टेशनं ८८ ते १०८.

मग जपानहून घ्यायचं काय? ज्याला वीज लागत नाही ते. टर्नटेबलचे, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचे, सुटे भाग: टोनआर्म (सुई धरणारा दांडा), हेडशेल (दांड्याच्या टोकाचा तुकडा), मूव्हिंग कॉइल जातीच्या कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणारा स्टेपअप ट्रान्सफॉर्मर. हलकं, आणि प्लग लावायचाच नाही. कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी) मात्र वापरलेली नको, सुई किती घासलीये ते फोटोत दिसत नाही.

ॲम्प माझ्या मते युरोपातूनच. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, प्लग बदलला की झालं. ब्रिटिश क्वाड ४०५ बघा, १९७५ चं डिझाइन, चॅनेलला १०० वॉट, वजन दहा किलोच्या आत, सर्किटची आकृती सगळीकडे मिळते आणि आपला कुठलाही बरा टेक्निशियन कपॅसिटर बदलून देतो. तोच पंचवीस किलोचा जपानी ॲम्प म्हटला की विमानाचं भाडं बघून रडू येतं. ईबेवर घेतलं आणि वर्णनाशी जुळलं नाही तर ३० दिवसांत तक्रार करता येते, प्रॉक्सीत ते सुख नाही.

पण युरोप म्हणजे पॅकिंग चांगलं असं नाही हां. माझा जर्मनीहून आला तो नुसता वर्तमानपत्रात गुंडाळलेला, खोका हलवला की आत खुळखुळा, ट्रान्सफॉर्मरचा बोल्ट सुटून बोर्डावर फिरत होता. विक्रेत्याला आधीच विचारा, डबल खोका करणार का, आणि टर्नटेबल असेल तर प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची थाळी) आणि काउंटरवेट (दांड्यामागचं वजन) काढून वेगळं गुंडाळणार का. उत्तर टाळलं तर सोडून द्या.

अमेरिका: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. ॲम्पला फक्त स्टेपडाऊन लागतो, पण सिंक्रोनस मोटरचं, म्हणजे विजेच्या हर्ट्झवर वेग ठरणारं, टर्नटेबल असेल तर ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ नाही. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड २७.८ वर फिरणार, पेटीवरच्या काळी चारचा सा थेट पांढरी चारवर येणार आणि गाणाऱ्या बाईंची द्रुत चीज मध्यलयीत ऐकायची. जुन्या थॉरेन्सला ५० हर्ट्झची पुली मिळते, सगळ्यांना मिळत नाही. टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ क्वार्ट्झवर चालतं, त्याला हर्ट्झचं काही नाही, तरी मला एवढ्या लांबून मागवण्यात अर्थ वाटत नाही.

कस्टम्स तिन्हीकडून येताना सारखंच. ड्युटी नुसत्या किमतीवर नाही, भाडं आणि विमा धरून, मग ड्युटी मिळवून त्या बेरजेवर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), म्हणून परत वजन बघा म्हणतो. विक्रेता 'गिफ्ट लिहू का' विचारेल, नाही म्हणा, गिफ्टची सूट २०१९ मध्येच गेली आणि किंमत कमी लिहिली तर विमा पण तेवढाच मिळणार. वापरलेल्या मालाच्या आयातीवर बंधनं आहेत, पैसे भरायच्या आधी कस्टम्स एजंटला एक फोन करा.

आणि पार्सल आलं की टेप कापायच्या आधीपासून व्हिडिओ सुरू करा, खोका हलवून आवाज पण रेकॉर्ड करा. माझे निम्मे पैसे परत आले ते त्या खुळखुळ्यामुळेच.