‘नियमात बसणारा’ ब्रेक डक्ट किट घेताय? आधी हे वाचा

शनिवारी सकाळी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर माझी गाडी स्क्रूटिनीतच, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीतच बाद झाली. पुण्याहून ट्रेलरवर नेलेली गाडी, भरलेली एंट्री फी, टाकलेल्या रजा, सगळं पाण्यात.

गेल्या हंगामात पाच-सहा लॅप झाल्या की ब्रेकचं पॅडल पार खाली बसायचं. डॉट-४ ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत टिकतं, ओलावा धरला की १५५ पर्यंत उतरू शकतं. ते उकळलं की पाइपात वाफ होते आणि पायाचा जोर डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरपर्यंत पोचतच नाही. हे वळणाच्या तोंडावर एकदा अनुभवलंय, म्हणून ब्रेकवर गार हवा नेणारे डक्ट हवेच होते.

एका विक्रेत्याने ‘एफएमएससीआय मान्य’ (म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट महासंघाने मान्य केलेला) किट दाखवला. १८,५०० रुपये, सगळे आगाऊ. सोबत लॅमिनेट केलेलं पत्र. “सर, डोळे झाकून लावा, स्क्रूटिनीत कोणी हात लावणार नाही.” बंपर कुठे कापायचा तेही त्यानेच सांगितलं, आणि बसवल्यावर फोटो मागितले. मी पाठवले.

स्क्रूटिनियर गुडघ्यावर बसला, टॉर्च मारून बंपरची कापलेली कड बोटाने चाचपली आणि पत्र मागितलं. वर्षाची ओळ झेरॉक्स काढताना झाकलेली होती. मजकूर शर्यतीच्या गाड्यांच्या दुसऱ्याच गटाचा, जिथे बॉडी कापायला मुभा आहे. आमच्या गटात डक्ट चालतात, पण बंपर मूळचाच लागतो.

संध्याकाळी पॅडॉकमध्ये किट उतरवला. सिलिकॉनचा म्हणून दिलेला होज म्हणजे स्वयंपाकघरातल्या चिमणीचा ॲल्युमिनियमचा पाइप, वरून लाल रेक्झीन. पुण्यात जोरात ब्रेक मारून घेतलेल्या दोन-चार चाचण्यांतच डिस्कजवळचं रेक्झीन वितळून तारेला चिकटलं होतं. शिवाय पाइपाचं तोंड डिस्कच्या एकाच बाजूवर रोखलेलं. व्हेंटिलेटेड डिस्कला हवा मधून, चाकाच्या हबजवळून द्यायची असते. फिरती डिस्क ती आतल्या फटींतून बाहेर फेकते. एकच बाजू गार होत राहिली तर डिस्कला तडे जाऊ शकतात. म्हणजे स्क्रूटिनीतून सुटलो असतो तरी धोका होताच, आणि खरं सांगायचं तर मला पैशांपेक्षा याचाच जास्त संताप येतो.

कृपा करून त्या वर्षीचं नियमपुस्तक स्वतः उघडा. आपल्या गटाखाली परवानगी लिहिलेली नसेल, तर मनाई आहे असंच धरा. शंका असेल तर करवत लावण्याआधी फोटो पाठवून मुख्य स्क्रूटिनियरकडून लेखी उत्तर घ्या. होजचा तुकडा मागवून लायटरवर धरा. सिलिकॉन-फायबरग्लास वितळत नाही. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका.

पैसे परत मागितल्यावर विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं. किट अजून विकायला आहे, आणि जाहिरातीतल्या फोटोत माझ्याच गाडीचा कापलेला बंपर आहे.