फिलाडेल्फियात जुनं घर घेताना होम इन्स्पेक्शन : पैसे वसूल सर्व्हिस (पाचपैकी साडेचार)

धाकट्या भावाने फिलाडेल्फियात घर घेतल्यापासून लातूरचे निम्मे ओळखीचे लोक मला विचारायलेत की एजंट कसा होता, कितीला पडलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. एजंट चांगलाच होता, पण जुन्या शहरात खरं काम केलं ते होम इन्स्पेक्टरने, म्हणजे विकत घ्यायच्या आधी पैसे घेऊन घर तपासून देणाऱ्या माणसाने, त्यामुळे हा रिव्ह्यू त्या सर्व्हिसचा समजा.

हे शहर विल्यम पेनने १६८२ मध्ये वसवलेलं. जुन्या भागात विटांची रो हाऊस, भिंतीला भिंत लागून, आणि एल्फ्रेथ्स अ‍ॅली नावाच्या गल्लीत तर अठराव्या शतकातल्या घरात आजही लोक राहतात. ट्रिनिटी म्हणून एक प्रकार आहे, तीन मजले, मजल्याला एकच खोली आणि वर जायला चिंचोळा गोल जिना. दिसायला लई गोड. भावजयीने विचारलं की डबल बेड वर न्यायचा कसा, तिथंच तो विषय संपला.

एजंटबद्दल एवढंच की ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवायच्या आधी लेखी करार करावा लागतो आणि त्याची फी किती ते त्यात लिहिलेलं असतं, ती बोलून ठरवता येते, वाचूनच सही करा. एजंटला पैसे सौदा झाला तरच मिळतात, म्हणून इन्स्पेक्टर आपला आपण शोधावा, भावाने तसंच केलं.

पहिलं घर नुकतंच रंगवून, नवीन किचन टाकून विकायला काढलेलं. फोटो बघून सगळे खूश. इन्स्पेक्शन तिकडे सकाळी दहाला म्हणजे इकडे संध्याकाळी साडेसातला, मी व्हिडिओ कॉलवर. त्या माणसाने किचनकडे बघितलंसुद्धा नाही, आधी बाजूच्या गल्लीत जाऊन भिंतीला डोळा लावला. भिंतीला पोट आलेलं, मला मोबाईलवर दिसलं. वर विटांच्या दरजा नव्या सिमेंटने भरलेल्या. त्याने बोट लावलं तर विटेचा पापुद्रा हातात आला. म्हणाला जुनी वीट मऊ असते, तिला चुनाच पाहिजे, कडक सिमेंट भरलं की ओल दरजेतून बाहेर पडत नाही, मग वीटच फुटते. अगदी हेच आमच्याकडचे जुने गवंडी वाड्यांच्या बाबतीत सांगतात. माळ्यावर जुनं नॉब अँड ट्यूब वायरिंग, पांढऱ्या चिनी मातीच्या गोट्यांवरून नेलेल्या सुट्या तारा, त्यावर बऱ्याच इन्शुरन्स कंपन्या घराचा विमाच देत नाहीत. करारात इन्स्पेक्शनची अट, म्हणजे तपासणीत दोष निघाला तर सौदा सोडता येईल अशी, ठेवलेली होती म्हणून डिपॉझिट परत मिळालं. गर्दीत घर मिळावं म्हणून काही लोक ही अटच काढून टाकतात, कृपा करून तसं करू नका.

दुसरं घर साधं, किचन जुनाट, पण बाहेरून विटांवर बिडाच्या मोठ्या चांदण्या. भाऊ म्हणाला, "दादा, डेकोरेशन दिसतंय." इन्स्पेक्टरने समजावलं की चांदणीच्या मागून लोखंडी सळई आत जाते आणि भिंतीला मजल्याच्या लाकडी तुळयांशी धरून ठेवते, भिंत बाहेर सुटू नये म्हणून. त्याने एकेक चांदणी बघितली, मग ओळंबा लावला. मला हे बघून फार बरं वाटलं, कारण १९९३ ला किल्लारीत काय झालं ते आम्ही बघितलंय, दगड-मातीच्या भिंती सुटल्या आणि माळवदाचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. भिंत कशाने बांधून धरलीय हे विचारल्याशिवाय मला घर पटतच नाही.

मग सीवरमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या पाईपमध्ये, कॅमेरा घातला. मातीच्या पाईपच्या जोडात झाडाची मुळी घुसलेली स्पष्ट दिसत होती. तिथे घरापासून रस्त्यातल्या मुख्य लाईनपर्यंतचा पाईप घरमालकाच्या जबाबदारीचा, म्हणजे रस्ता खोदायचा खर्चसुद्धा आपल्या गळ्यात. तो व्हिडिओ दाखवून विकणाऱ्याकडून किमतीत सूट घेतली, त्यात इन्स्पेक्शनची फी कितीतरी वेळा वसूल झाली.

अर्धा मार्क कापला तो यासाठी की सीवर कॅमेरा, शिशाची टेस्ट, रेडॉन (जमिनीतून घरात येणारा किरणोत्सारी वायू) तपासणं, सगळ्याचे पैसे वेगळे, आणि हे बुकिंग करताना नीट सांगत नाहीत. १९७८ च्या आधीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो, माहिती असेल तर विकणाऱ्याने सांगायचं असा कायदा आहे आणि टेस्ट करायला दहा दिवस मिळतात, लेकरं लहान असतील तर ती टेस्ट कराच. आणखी एक, घर ऐतिहासिक यादीत आहे का ते इन्स्पेक्टर बघत नाही. यादीत असलं तर बाहेरची खिडकी बदलायलासुद्धा शहराच्या हिस्टॉरिकल कमिशनकडे जावं लागतं. ते एजंटकडून ऑफर द्यायच्या आधीच तपासून घ्या.