चर्चची शाळा, जिल्हा परिषदेची शाळा आणि रविवारचा वर्ग

कोकणातल्या ख्रिस्ती मुलाला कुठल्या शाळेत घालावं? आधी निकाल, मग कारणं. पहिली ते चौथीसाठी घराजवळची जिल्हा परिषदेची शाळा चांगली, पण दोन अटींवर. शाळेत दोन पूर्णवेळ शिक्षक हवेत आणि गावच्या चर्चमधला रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग नियमित भरायला हवा. पाचवीपासून चर्चचं अनुदानित हायस्कूल, मराठी माध्यम आणि शक्यतो सेमी इंग्रजी. विनाअनुदानित इंग्रजी कॉन्व्हेंट आमच्या यादीत तिसरं. वसईपासून सावंतवाडीपर्यंतच्या ख्रिस्ती पालकांपैकी बरेच जण नेमका उलटा क्रम लावतात, म्हणून एकेकाचं नीट सांगतो.

सुरुवात पाटीवरच्या नावापासून. शाळेच्या नावात ‘सेंट’ आहे म्हणून ती चर्चची असतेच असं नाही. खासगी ट्रस्टही संतांची नावं घेतात, कारण त्या नावाला गिऱ्हाईक आहे. शाळा धर्मप्रांताची (बिशपांच्या अखत्यारीतली) आहे, सिस्टरांच्या संस्थेची आहे की तिसऱ्याच कुणाची, हे प्रवेश अर्जावरच्या संस्थेच्या नावावरून कळतं. शंका असेल तर धर्मग्रामाच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, फादरांना विचारावं. शाळेचा सरकारी नोंदीचा ११ अंकी यू-डायस क्रमांकही मागून घ्यावा. त्यावरून सरकारी संकेतस्थळावर व्यवस्थापन, माध्यम, पटसंख्या आणि शिक्षकसंख्या दिसते. शिक्षकसंख्या पहिल्यांदा बघावी, इमारतीचा रंग शेवटी.

आता ज्यासाठी पालक चर्चच्या शाळेकडे जातात, ते धर्मशिक्षण. चर्चच्या शाळांत साधारणपणे आठवड्याला एक किंवा दोन तासिका धर्मशिक्षणाच्या असतात. त्या वेळी कॅथलिक मुलं एका वर्गात आणि बाकीची मूल्यशिक्षणाला दुसऱ्या वर्गात बसतात. तासिका ३५ मिनिटांची धरली, आठवड्याला दोन धरल्या आणि परीक्षा, क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन यांत बुडणारे आठवडे वजा केले, तर वर्षाला ३० ते ३५ तास हाती लागतात. म्हणजे घड्याळाचा जेमतेम दीड दिवस. चर्चमधला रविवारचा वर्ग तासाचा असेल आणि जूनपासून उन्हाळ्यापर्यंत ३० ते ३५ रविवार भरला, तर त्याचेही तेवढेच तास होतात. त्यामुळे केवळ धर्मशिक्षणासाठी फी भरून लांबची शाळा घेणाऱ्याने हा हिशोब एकदा कागदावर मांडावा. शिवाय अनेक धर्मग्रामांत, मूल चर्चच्या शाळेत असलं तरी प्रथम कम्युनियनसाठी (पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या संस्कारासाठी) रविवारच्या वर्गाची हजेरी लागतेच.

कॅथलिक चर्चचा स्वतःचा कायदाही (कॅनन लॉ) पालकांना अडकवत नाही. ७९८ वा नियम सांगतो की मुलांना कॅथलिक शिक्षण देणाऱ्या शाळेत घालावं, आणि ते शक्य नसेल तर शाळेबाहेर त्यांच्या धर्मशिक्षणाची सोय पालकांनी करावी. वाडीतल्या शाळेत मूल घातलं म्हणून मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जाताना कुणी मान खाली घालायची गरज नाही.

चर्चच्या अनुदानित शाळेची खरी ताकद वेगळीच आहे. शिक्षकांचा पगार सरकार देतं, त्यामुळे शिक्षक वर्षानुवर्षं टिकतात. पाठ्यपुस्तकं आणि पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो, जिल्हा परिषदेच्या शाळेसारखाच. प्रयोगशाळा, ग्रंथालय, मैदान हे जुन्या मिशनच्या आवारात बहुधा असतंच. नाताळात मुलाला आठवडाभर सुट्टी मिळते आणि फेस्ताच्या (चर्चच्या वार्षिक सणाच्या) दिवशी गैरहजेरी पडत नाही. उणी बाजू वर्गातल्या गर्दीची. साठ मुलांच्या वर्गात वाचन कच्चं असलेलं मूल मागच्या बाकावर हरवतं, आणि ते पालकांच्या लक्षात सातवीत येतं. म्हणून पाचवीच्या प्रवेशाआधीच मुलाचं मराठी वाचन आणि भागाकार पक्का करून घ्यावा.

कॉन्व्हेंटबद्दल स्पष्ट बोलावं लागेल. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत पगार फीमधून निघतो. तो कमी असला की शिक्षक दर जूनला बदलतात, आणि पहिली-दुसरीच्या मुलाला हे सर्वांत जास्त बाधतं. भेटीला गेल्यावर एवढंच विचारावं की आत्ताच्या दुसरीच्या शिक्षिका इथे किती वर्षं आहेत. दुसरी अडचण भाषेची. घरी सामवेदी, मालवणी किंवा कोकणी, चर्चमध्ये मराठी मिस्सा आणि शाळेत इंग्रजी धर्मशिक्षण. मूल ‘अवर फादर’ घडाघडा म्हणतं, पण आजीबरोबर रोझरीच्या प्रार्थनेला बसलं की गप्प राहतं. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, तरी ती आठवड्यात किती तासिका आणि कोण शिकवतं, हे वेळापत्रक मागून बघावं. प्रार्थना मुलाला तोंडपाठ आहे की समजली आहे, हे ओळखायला ती घरच्या बोलीत सांगायला लावावी.

फीबाबत दोन गोष्टी. २०११ च्या शुल्क कायद्यानुसार फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर ठेवावी लागते आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं कायम राहते. मधेच वाढीची चिठ्ठी आली तर समितीचा ठराव मागावा. दुसरी गोष्ट अनेक कुटुंबांचा हिरमोड करते. शिक्षणहक्क कायद्याच्या, गरीब आणि वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के मोफत जागा अल्पसंख्याक दर्जाच्या शाळेत मिळत नाहीत, आणि चर्चच्या शाळांना बहुधा तो दर्जा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, या कायद्यातून वगळलं. १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाचा फेरविचार मोठ्या पीठाने करावा असं म्हटलं आहे, पण तेवढ्याने जागा खुल्या होत नाहीत. ‘आपण ख्रिस्ती, गरीब, म्हणजे कॉन्व्हेंटमध्ये फुकट जागा’ या समजुतीवर विसंबून दुसरीकडचे अर्ज चुकवू नयेत. २५ टक्क्यांचा ऑनलाइन अर्ज अल्पसंख्याक दर्जा नसलेल्या विनाअनुदानित शाळांसाठीच चालतो, आणि आर्थिक दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेचं गणित शिक्षकांवर ठरतं. कायद्याने पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. प्रत्यक्षात कमी पटाच्या वाडीत एक शिक्षक निवडणुकीच्या कामाला किंवा प्रशिक्षणाला गेला की चारही वर्ग एकाच खोलीत बसतात. दोन्ही शिक्षक असतात तिथे मात्र पंधरा-वीस मुलांच्या शाळेत जेवढं लक्ष मिळतं, तेवढं कुठलीही मोठी शाळा देऊ शकत नाही. गुरुजींना प्रत्येक मुलाचं घर माहीत असतं. शाळा बघायला जुलैतल्या पावसाच्या दिवशी जावं. पऱ्ह्यावरचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) पाण्याखाली जातो का, छप्पर गळतं का आणि हजेरीपटावर किती मुलं आहेत, हे तिन्ही एका फेरीत कळतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यांतली एखादी जागा ख्रिस्ती आईने जरूर घ्यावी.

धर्माचं काय, हा प्रश्न इथे येतोच. घटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी करता येत नाही. व्यवहारात परिपाठाला राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि उद्देशिका असते, त्यात अडचण काहीच नाही. सरस्वतीपूजनाच्या दिवशी मात्र मुलाने काय करायचं हे आधी ठरवावं. जूनमध्येच मुख्याध्यापकांना भेटून सांगावं की मूल आदराने उभं राहील, पूजा करणार नाही. आधी सांगितलेलं बहुतेक गुरुजी मानतात. त्या दिवशी मुलामार्फत चिठ्ठी पाठवली की मूल चारचौघांत अवघडतं. १९८६ साली केरळच्या तीन मुलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, आदराने उभं राहून राष्ट्रगीत न गाणाऱ्या मुलांना शाळेतून काढणं चुकीचं ठरवलं होतं. कायदा इतका भक्कम आहे की भांडायची वेळ येऊ नये. गुड फ्रायडे सार्वजनिक सुट्टी आहे, पण उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेच्या आदल्या पवित्र गुरुवारी शाळा असते. तेव्हा संध्याकाळच्या मिस्साची वेळ बघून ठेवावी.

प्रोटेस्टंट कुटुंबांना एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२० च्या दशकात बाणकोट-हर्णै भागात शाळा सुरू केल्या, पण आज कोकणातल्या चर्चच्या शाळा बहुतांशी कॅथलिक आहेत. प्रवेश अर्जात ‘ख्रिस्ती’ एवढंच लिहिलं की मूल आपोआप कॅथलिक धर्मशिक्षणाला बसवलं जाऊ शकतं, तिथे रोझरी आणि पापनिवेदनाची तयारी असते. पंथ स्पष्ट लिहावा आणि मूल कोणत्या वर्गात बसेल ते लेखी कळवावं. संडे स्कूल चालू ठेवावं.

वसईत धर्मग्राम, शाळा आणि घर एकाच पाऊलवाटेवर असतं, तिथे पहिलीपासूनच चर्चची अनुदानित शाळा घेतली तर तक्रार नाही. सिंधुदुर्गात ख्रिस्ती घरं वाड्यावाड्यांत विखुरलेली आणि हायस्कूल शहरात, म्हणून वरचा क्रम तिथे सर्वांत नीट बसतो. पाचवीपासून ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो, मुलांना दोन तृतीयांश सवलत. सहा वर्षांच्या मुलाला मात्र रिक्षात कोंबून रोज पंधरा किलोमीटर पाठवणं आम्हाला पटत नाही. दुपारी पेंगणारं मूल कुठलंच शिक्षण घेत नाही. दापोली-गुहागरकडे ख्रिस्ती वस्ती फार विरळ आहे, तिथे रविवारचा वर्गही दूर पडतो. तिथे दोन-तीन कुटुंबांनी मिळून घरीच वर्ग घ्यावा आणि महिन्यातून एकदा फादरांना किंवा पाळकांना बोलवावं.

रविवारचा वर्ग पारखायची रीत साधी आहे. हजेरीपट आहे का, एका शिक्षकाकडे किती मुलं आहेत आणि पुस्तक मुलाला वाचता येणाऱ्या भाषेत आहे का, ते बघावं. हा वर्ग सातवीत मोडतो, रविवारची ट्यूशन सुरू झाली की. ट्यूशनची वेळ बदलून मागता येते, पण मागायचं बहुतेकांना सुचत नाही.

शेवटी कागद. प्रवेशाला जन्मदाखला आणि आधार मागतात. चर्चच्या शाळा त्याशिवाय स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) दाखला किंवा फादरांचं पत्र मागतात. जन्मदाखला आणि स्नानसंस्काराचा दाखला यांत आडनावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर पहिलीतच एक करून घ्यावं. सर्वांत महागात पडते ती धर्म-जातीच्या रकान्यातली चूक. ज्या ख्रिस्ती कुटुंबांना इतर मागासवर्गाचा लाभ मिळतो, त्यांनी जातीच्या रकान्यात नुसतं ‘ख्रिस्ती’ लिहिलं की पुढे जातीचा दाखला अडतो. या प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि तो बहुधा आजोबांच्या जुन्या शाळेच्या रजिस्टरमध्येच सापडतो. त्याचा उतारा आताच काढून ठेवावा. मूल शाळा सोडून गेल्यावर नोंद बदलणं फार अवघड होतं, म्हणून चौथीनंतर शाळा सोडल्याचा दाखला हातात आला की तिथेच उभं राहून नाव, जन्मतारीख, धर्म आणि जात हे चार रकाने वाचावेत आणि चूक असेल तर दुरुस्त करूनच बाहेर पडावं.