सात हजारांचा उजेड

मला रात्री दिसत नाही. अंधुकही नाही. दिवे गेले की समोर भिंतच उभी राहते. आजाराचं नाव रेटिनायटिस पिग्मेंटोसा, आम्ही आरपी म्हणतो. आईवडील आते-मामेभावंडं, दादाला आणि मला दोघांनाही तो आला. मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी आधी मरतात, मग नजर कडेकडेनं आकसत जाते. दिवसा मी सुईत दोरा ओवते, पण शेजारून कोण गेलं ते कळत नाही.

कराडला शिलाईच्या दुकानात कामाला आहे. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि माझी एसटी फाट्यावर पावणेसातला येते. पुढे वस्तीपर्यंत दीड किलोमीटर, एका बाजूला ऊस, दुसरीकडे पाट. दादाचा मुलगा न्यायला यायचा. तो बारावीला गेला, क्लास लागला, आणि त्याला रोज 'ये रे' म्हणायला मला जड जायला लागलं.

नेमकी तेव्हाच मोबाइलवर ती जाहिरात दिसली. काळोख्या खोलीत एक माणूस चष्मा लावतो आणि सरळ जिना उतरतो. खाली मराठीत, 'रातांधळेपणावर जपानी तंत्रज्ञान. छातीवर बांधायचा दिवा. 1 लाख लुमेन. रोज दोन तास वापरा, 90 दिवसांत फरक.' लुमेन म्हणजे उजेडाचं माप. चष्मा दाखवून दिवा विकतायत, हे माझ्या लक्षातच आलं नाही. असा चष्मा जपानमध्ये खरोखर आहे. होया कंपनीनं तो क्युशू विद्यापीठाबरोबर तयार केला, 2018 मध्ये बाजारात आणला. त्यात कॅमेरा असतो आणि उजळलेलं चित्र डोळ्यासमोर दिसतं. छातीवरच्या दिव्याशी त्याचा काही संबंध नाही.

नंबर टाकल्यावर तासाभरात 'डॉक्टरां'चा फोन. मला शब्दाशब्दाला ताई. "ताई, तुमच्यासारखे शेकडो बरे झाले." लहान मुलांचे व्हिडिओ पाठवले. अ जीवनसत्त्व कमी पडून येणारा रातांधळेपणा औषधानं खरंच बरा होतो, आमचा होत नाही. हा फरक मला डोळ्यांच्या डॉक्टरांनी पूर्वीच सांगितला होता. तरी मी 499 रुपये बुकिंग भरलं. माहीत असूनही भरलं, हे लिहिताना अजून कान तापतात.

पार्सल आलं. उरलेले 6,500 रुपये दिल्याशिवाय कुरिअरवाला ते उघडू देईना. तसा नियमच म्हणे. आत इलास्टिकचा पट्टा, प्लॅस्टिकचा दिवा आणि एक पिवळा चष्मा. बाजारात दोनअडीचशेला मिळेल असा माल. पिवळी काच डोळ्यात येणारा उजेड आणखी कमी करते, म्हणजे आमच्यासाठी उलटाच इलाज.

पहिल्याच रात्री मी तो बांधून एकटी निघाले. झोत समोर पराती एवढा, त्याच्या बाहेर काहीच नाही. आमची नजर आधीच नळीतून बघितल्यासारखी, त्यात हा नळीसारखाच उजेड. वीस-पंचवीस मिनिटांत दिवा मंदावला. बटण दाबलं तर लकलक सुरू झाली, चालू-बंद, चालू-बंद. आरपीवाल्याचा डोळा उजेडातून अंधाराला लवकर सरावत नाही. पाय नक्की कुठे पडला ते मला आजही सांगता येणार नाही. पाटाला पाणी नव्हतं म्हणून मनगटावरच निभावलं.

दादानं दुसऱ्या दिवशी बॅटरी काढली. वर 9,900 एमएएच छापलेलं, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते तो आकडा. या आकाराच्या (18650 म्हणतात त्या) लिथियम सेलमध्ये साधारण 3,500 ते 4,000 च्या वर मावतच नाही, आणि चांगल्या सेलचं वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास असतं. किराणा दुकानाच्या काट्यावर हा 27 भरला. पार्सल उघडण्याआधी पैसे देऊ नयेत हे सगळे सांगतात. सेल काट्यावर ठेवून बघा हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

परतीसाठी फोन केला तर तोच गोड आवाज. पैसे मिळण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका म्हणाला. मी टाकतच होते. दादानं मोबाइल हिसकावला. "अगं, पैसे यायला पिन कशाला लागतो?" त्यानंतर नंबर बंद.

1930 ला सायबर तक्रार केली, 1915 ला ग्राहक हेल्पलाइनवर. पैसे अजून आलेले नाहीत. एक मात्र कळलं. अंधत्व किंवा डोळ्यांचे आजार बरे करण्याची जाहिरात करायला 1954 च्या जादूई उपचारांच्या कायद्यानं बंदी आहे. '90 दिवसांत फरक' हा शब्दच पुरावा होता, आणि माझ्याकडे जाहिरातीचा स्क्रीनशॉट नव्हता. तुम्ही फोन करण्याआधी काढून ठेवा.

दिवा वाईट नसतो हो. माझ्याकडे आता पसरट झोताची साधी टॉर्च आहे, गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून, हजारभर रुपयांत, दुकानदारासमोर अंधाऱ्या गोदामात लावून बघून घेतलेली. डोक्यावर नाही, कमरेला लावते. उजेड खालून पडला की खड्ड्याला आणि दगडाला सावली येते. डोक्यावरच्या दिव्यात रस्ता सपाट दिसतो. तिच्यासाठी कॅनव्हासचा कप्पा मीच शिवलाय. वेगवान गाडी मागून आली तर अजून घाबरते, म्हणून पाठीवर एक चकाकणारी पट्टीही टाचली आहे. भाच्याला आता अगदी अडलं तरच बोलावते.