सात रस्त्याजवळचं रेडियमचं दुकान आणि सात मिलिमीटरचं चिन्ह

सोलापुरातल्या, गाड्यांच्या नंबरप्लेटी करणाऱ्या एका दुकानाबद्दल लिहितोय. माझं काम मात्र विमानाचं होतं.

एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यापासून मी लाकडाची विमानं करतो, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याची. या वर्षी नातीच्या शाळेतल्या प्रदर्शनासाठी दोन केली. विषय मीच सुचवला होता: फौजेत नसताना युद्धात फौजेच्या मदतीला गेलेले वैमानिक. लढाऊ विमानं सगळेच मांडतात. या माणसांकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

पहिलं विमान अमेरिकेतलं, स्टिन्सन व्हॉयेजर. १ डिसेंबर १९४१ ला तिथे ‘सिव्हिल एअर पेट्रोल’ हे नागरी वैमानिकांचं दल सुरू झालं आणि सहाच दिवसांत जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला. पुढच्या काही महिन्यांत जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेलाची जहाजं एकामागून एक बुडवत होत्या. पहारा द्यायला सैन्याकडे पुरेशी विमानं नव्हती. तेव्हा हौशी वैमानिक, व्यापारी, शेतकरी, वयामुळे भरतीत न बसणारे लोक आपापली खासगी विमानं घेऊन आले. मार्च १९४२ पासून ३१ ऑगस्ट १९४३ पर्यंत त्यांनी २१ तळांवरून समुद्रावर गस्त घातली. एकूण २ कोटी ४० लाख मैल. सुरुवातीला हत्यारच नव्हतं, नंतर या चिमुकल्या विमानांना बॉम्ब लटकवले. वैमानिकाला दिवसाचे ८ डॉलर, जमिनीवरच्या मेकॅनिकला ५.

मी मेकॅनिक, त्यामुळे माझा जीव इंजिनात अडकतो. स्टिन्सनचं इंजिन ९० हॉर्सपॉवरचं, आणि एकच. आमच्या डेपोतल्या जुन्या बसचं इंजिनसुद्धा याहून दांडगं असायचं. रस्त्यात गाडी बंद पडली तर आम्ही ब्रेकडाउन व्हॅन पाठवायचो. हे लोक खाली नुसतं पाणी असताना किनारा दिसेनासा होईपर्यंत जायचे. म्हणून जोडीनं उडायचे: एक पडलं तर दुसऱ्यानं वर घिरट्या घालत मदत येईपर्यंत जागा दाखवायची. त्या गस्तीत ९० विमानं गेली आणि २६ माणसं.

या विमानांवर एक चिन्ह असायचं: निळं वर्तुळ, त्यात पांढरा त्रिकोण, त्रिकोणात तीन पात्यांचा लाल पंखा. माझ्या मॉडेलवर ते सात मिलिमीटरचं बसत होतं. दुसरं विमान डाकोटा, माणसं नि सामान वाहणारं, तिच्यावर इंग्रजी अक्षरं हवी होती, आठ मिलिमीटर उंचीची. आधी गेलो त्या फ्लेक्सवाल्यानं कागद बघताच परत दिला, “एवढ्या बारक्यासाठी मशीन लावत नाही.” मग सात रस्त्याजवळच्या या दुकानात गेलो.

दुकान म्हणजे एक शटर, आत कटिंगचं मशीन, भिंतीला रेडियमचे रोल. पोरगा तिशीचा असेल. फोनवर आईशी तेलुगूत बोलत होता, मला बघून मराठीत म्हणाला, “बसा की काका.” चिन्ह दाखवलं. त्यानं मोबाइलवर फोटो मोठा केला आणि विचारलं, “हे कशाचं?” मी पाणबुड्यांची सगळी गोष्ट सांगितली. दोन गिऱ्हाईकं थांबली होती, तीही ऐकत राहिली.

मशीननं निळं आणि पांढरं नीट कापलं. लाल पंखा मात्र जमेना. जास्तीचं रेडियम सोलून काढताना पाती त्याच्याबरोबर उचलून यायची. तीनदा झालं. मग त्यानं मशीन बंद केलं, भिंगाचा दिवा ओढला आणि कटरच्या पात्यानं पंखा हातानं कापला. एकेक पातं तांदळाच्या कणीएवढं. चिमट्यानं उचलून बोटावर ठेवून मला दाखवलं. चिकटवताना पंखावर साबणाच्या पाण्याचा फवारा मारला, म्हणजे रेडियम सरकवून जागेवर आणता येतं, आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं पाणी हळू बाहेर काढलं. वार्निशला ओरखडा नाही. अशी चार चिन्हं केली. वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला हात कळतो. या पोराचा हात चांगला आहे.

डाकोटाच्या अक्षरांत मात्र पहिल्यांदा चूक झाली. बुलेटच्या नंबरप्लेटीवर असतात तशी तिरकी, शेपटीवाली अक्षरं त्यानं कापून ठेवली होती. मी म्हटलं, साधी, सरळ हवीत. अक्षरं होती व्हीटी आणि पुढे तीन. भारतातल्या नागरी विमानाचा नंबर व्हीटीनं सुरू होतो, आणि माझ्या डाकोटाचं सगळं म्हणणं त्या दोन अक्षरांत आहे. काश्मीरवर हल्ला झाल्यावर २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटची पहिली तुकडी दिल्लीहून श्रीनगरला उतरली, तेव्हा वायुदलाकडच्या डाकोटा पुरणार नव्हत्या. खासगी कंपन्यांची प्रवासी विमानं आणि त्यांचे वैमानिक मदतीला घेतले. उद्योजक वैमानिक बिजू पटनाईकही त्या उड्डाणांत होते. पुढची धावपट्टी कच्ची, खाली काय परिस्थिती आहे त्याची खात्री नाही. तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय त्याच दिवशी बारामुल्ल्याकडे धारातीर्थी पडले. नागरी वैमानिक रिकामं विमान घेऊन माघारी जायचे आणि पुन्हा जवान भरून यायचे. वायुदलाच्या खुणा लावून डाकोटा मांडली असती, तर हीच माणसं पुसली गेली असती.

हे ऐकल्यावर पोरगा काही बोलला नाही. अक्षरं नव्यानं कापली आणि त्याचे पैसे लावले नाहीत.

सगळे मिळून २८० रुपये झाले. हातकामाच्या मानानं फारच कमी, मी वर शंभर ठेवले. तक्रारी दोन. उद्या देतो म्हणून पाचव्या दिवशी दिलं. दसरा तोंडावर, नव्या गाड्यांची गर्दी, मला समजतं, पण मग तारीखच पुढची सांगावी. माझ्यासारख्याला दोनदा रिक्षा करावी लागते. दुसरं म्हणजे फोन उचलत नाही, तेव्हा प्रत्यक्षच जा. सकाळी अकराच्या आधी गेलात तर निवांत सापडेल. नेताना माप मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून न्या.

प्रदर्शनात दोन्ही विमानं डॉ. कोटणीसांच्या फोटोशेजारी ठेवली, बाईंनीच तसं सुचवलं. भैय्या चौकातलं स्मारक मुलांना माहीत असतं. आपल्या सोलापूरचा डॉक्टर १९३८ मध्ये स्वतःहून चीनच्या युद्धात जखमींची सेवा करायला गेला आणि तिकडेच १९४२ मध्ये वारला, हे एकदा सांगितलं की बाकीचं समजावायला वेळ लागत नाही.

नातीनं एकच विचारलं, “आजोबा, यात बायका नव्हत्या का?” त्या किनारी गस्तीत बायकांना उडू देत नसत. पण ब्रिटनमध्ये ‘एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलिअरी’ होती. कारखान्यातून निघालेली विमानं वायुदलाच्या तळांवर पोचवायचं काम तिचं. तिच्यात १६८ वैमानिक बायका होत्या, रेडिओशिवाय, खालचा रस्ता, नदी, रूळ बघत उडायच्या. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटी उडालेली एमी जॉन्सन त्यांच्यातलीच, जानेवारी १९४१ मध्ये विमान पोचवताना थेम्सच्या मुखाशी गेली.

म्हणून आता स्पिटफायर करायला घेतलंय, या बायका पोचवायच्या त्यातलंच एक ब्रिटिश लढाऊ विमान. परवा पंखावरच्या खुणांचं चित्र दुकानात देऊन आलो. त्यानं बघितलं, बोटानं वर्तुळं मोजली आणि म्हणाला, “गोलच आहेत काका, हे मशीनवर होतंय. फक्त लाल किती गडद, ते सांगा.”